घरच्या जिनसांनीं सूत रंगविणें

लग्नघरीं वधूवरांच्या मनगटांस जें कांकण बांधतात, त्याचा दोरा बाजारांतून रंगवून आणलेला नसतो. घरांतील एखादी वडीलधारी बाई पांढरें सूत घेते, पाण्यांत कालविलेली हळद त्यास चोळते आणि त्यांत हळकुंड गुंफून दोरा सिद्ध करते. तेव्हां घरच्या जिनसेनें सूत रंगविणें ही गोष्ट आपल्याकडे नवीन आहे असें नाहीं. मात्र कांकणाच्या दोऱ्यास चार दिवसांचेंच आयुष्य असतें. कांकण सुटलें कीं त्याचें काम संपलें. पुढें रंग राहिला काय आणि गेला काय, कोणी पाहत नाहीं. विकण्यासाठीं किंवा अंगावर वापरण्यासाठीं रंगविलेल्या सुताचें तसें नाहीं. त्यास उन्हांत वाळावयाचें असतें, वरचेवर साबणाच्या पाण्यांतून निघावयाचें असतें आणि कांहीं वर्षें तरी आपला रंग राखावयाचा असतो. या दोन दोऱ्यांमधील फरक कोठें पडतो, हें सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शेतकऱ्याच्या घरीं रंगाचे जिन्नस मुद्दाम विकत आणावे लागतात असें नाहीं. पुष्कळसे तर आपण फेंकूनच देतों. नाशिक जिल्ह्यांत चाळींतला कांदा निवडतांना सुक्या टरफलांचे ढीग निघतात व उकिरड्यावर जातात. सोलापूर, सांगोला, सटाणा या बाजूंस तडकलेल्या डाळिंबांचे दाणे काढून घेतले कीं साली बांधावर पडतात. सांगलीकडे हळदीचा चुरा, तर जुन्नर, आंबेगांव, अकोले येथील डोंगराळ भागांत हिरडा सहज मिळतो. अशा जिनसांवर घरच्या मंडळींनीं किंवा गांवांतील बचत गटानें सूत रंगवून विकलें, तर चार पैसे हातीं येतील काय, असा प्रश्न आम्हांस अनेकदां विचारण्यांत येतो. येतील, असें आमचें उत्तर आहे; परंतु रंग पक्का असेल तरच.

येथें आमची स्वतःची एक चूक प्रथम सांगतों. आरंभीं आम्हीं दोन किलो सूत केवळ हळदीच्या पाण्यांत उकळून रंगविलें. रंग असा कांहीं चढला कीं पाहणाऱ्यानें पाहतच राहावें. तें सूत आम्हीं एका ओळखीच्या विणकरास दिलें व त्यानें तें पंचांच्या कांठांस घातलें. विक्रीस मांडलेल्या पंचांची उन्हाकडील घडी आठ दिवसांत फिकी पडली. जे विकले गेले त्यांचा कांठ पहिल्याच धुण्यांत साबण लागतांच तांबडा झाला आणि पुढें उडाला. सुताचें मोल आम्हीं परत केलें. पण विणकराची मजुरी आणि त्याच्या गिऱ्हाइकाचा विश्वास हीं कांहीं आम्हांस परत करतां आलीं नाहींत. दोष सर्वस्वीं आमचा होता. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणतात, त्यांतलाच तो प्रकार होता.

कच्चा रंग आणि पक्का रंग

रंग चढणें निराळें आणि रंग धरणें निराळें. कापसाचा तंतु हा जवळजवळ शुद्ध काष्ठतंतु आहे. लोंकर व रेशीम यांच्याप्रमाणें तो रंगास किंवा तुरटीसारख्या क्षारास सहजासहजीं जवळ करीत नाहीं. वनस्पतींतील बहुतेक रंगद्रव्यें त्यावर नुसतीं बसतात, व पाण्याबरोबर निघून जातात. त्यांस धरून ठेवण्यासाठीं मध्यें एखादा दुवा लागतो. त्यास रंगबंधक म्हणावें. कापसाच्या बाबतींत हा दुवाही दुहेरी असावा लागतो. हिरड्यांतील तुरट द्रव्य तंतूस चिकटतें, त्या तुरट द्रव्यास तुरटींतील अॅल्युमिनियम चिकटतें, आणि अॅल्युमिनियमास रंग. या सांखळीची एक कडी गाळली कीं रंग कच्चा राहिलाच म्हणून समजावें.

आपले जुने रंगारी हें शास्त्राच्या भाषेंत सांगत नसत, पण करीत मात्र असत. आल आणि मंजिष्ठ यांचा लाल रंग कापडावर चढविण्यापूर्वीं तें हिरड्याच्या व तुरटीच्या पाण्यांतून काढण्याची त्यांची रीतच होती. १८५६ सालीं पर्किन या इंग्रज रसायनज्ञानें पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. १८६८ सालीं ग्रेब व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेंतील मुख्य लाल द्रव्य प्रयोगशाळेंत बनविलें. १८९७ सालापासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्यानंतर रंगाचीं पिकें मागें पडत गेलीं. ज्या करडईच्या पाकळ्यांपासून एके काळीं कुसुंबी रंग काढीत, ती आज आपण तेलासाठीं पेरतों. पण जुना तेवढा रंग पक्का, असेंही मानूं नये. कुसुंबी रंग दिसण्यास मोहक खरा, तथापि उन्हांत न टिकणाराच होता. म्हणून रंग जुना कीं नवा, घरचा कीं बाजारचा, हें न पाहतां तो कसोटीस उतरतो कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

पाणी व भांडीं

पाण्याच्या दोषानें जितके रंग बिघडतात तितके दुसऱ्या कशानेंही बिघडत नाहींत. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, तें जड पाणी रंगास चांगलें नव्हे. पावसाचें सांठविलेलें किंवा तळ्याचें स्वच्छ पाणी उत्तम. कूपनलिकेच्या पाण्यांत पुष्कळदां लोह असतें, आणि लोहानें पिवळे रंग मळकट होतात. याची परीक्षा सोपी आहे. हिरड्याची चिमूटभर पूड कपभर गरम पाण्यांत भिजवून गाळून घ्यावी, आणि तिचे चार थेंब विहिरीच्या पाण्यांत टाकावे. पाणी किंचित् पिवळसर राहिलें तर ठीक; निळसर काळें झालें तर त्यांत लोह आहे असें जाणावें. बाजारची तुरटीही याच रीतीनें पारखून घ्यावी.

भांडें स्टेनलेस पोलादाचें किंवा न उडालेल्या मुलाम्याचें असावें. लोखंडी कढईंत रंग काळवंडतो; तांब्यापितळेचें भांडें वापरावयाचें झाल्यास त्याची कल्हई शाबूत पाहिजे. रंगाचें भांडें, गाळणें, काठी आणि तागडी हीं कायमचीं वेगळीं ठेवावीं व पुन्हां स्वयंपाकास लावूं नयेत. रंग स्वयंपाकघरांतला असला, तरी तुरटी व हिराकस हे कांहीं खाण्याचे पदार्थ नव्हेत. ते चिठ्ठी लावून, लहान मुलांच्या हातीं न लागतील असे उंचावर ठेवावे.

सूत धुणें

पुढील सर्व प्रमाणें अर्धा किलो कोरड्या सुतासाठीं दिलीं आहेत. सूत कमीअधिक असल्यास त्या मानानें जिन्नस कमीअधिक करावे. वजन नेहमीं कोरड्या सुताचें घ्यावें. अंदाजानें काम करणारास तोच रंग पुन्हां कधींही साधत नाहीं.

सुताच्या लडी चार ठिकाणीं, आठच्या आंकड्याप्रमाणें पीळ देऊन, सैलसर बांधाव्या. बंध आवळले तर त्या जागीं रंग शिरत नाहीं व पांढरे पट्टे राहतात. कोऱ्या सुतावर कापसाचें नैसर्गिक मेण आणि तेलकटपणा असतो. गिरणीच्या सुतावर कधीं कधीं खळही असते. हें सर्व निघाल्यावांचून पुढील सर्व श्रम फुकट जातात. यासाठीं पंधरा लिटर पाण्यांत १५ ग्रॅम धुण्याचा सोडा व मूठभर रिठ्यांचें गाळलेलें पाणी घालून लडी त्यांत दीड तास मंद उकळाव्या. पाणी चहासारखें पिवळट होतें. तो सुतांतला मळ होय. नंतर दोन पाण्यांतून लडी खळबळून काढाव्या. सूत नीट धुतलें गेलें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्याचा एक तुकडा सुकवून पाण्यावर टाकावा. तो तत्काळ बुडाला तर धुणें पुरें झालें. तरंगत राहिला तर पुन्हां उकळावें.

हिरडा आणि तुरटी

बी काढलेल्या हिरड्याची १०० ग्रॅम पूड दोन लिटर कढत पाण्यांत रात्रभर भिजत घालावी. सकाळीं जाड फडक्यांतून गाळून त्यांत कोमट पाणी घालून सर्व मिळून बारा लिटर करावें, आणि ओल्या लडी त्यांत बुडवून ठेवाव्या. अधूनमधून खालवर करावें. दुसऱ्या दिवशीं लडी पिळून, न धुतां, सावलींत वाळवाव्या. सूत फिकट पिवळसर दिसूं लागतें.

त्यानंतर तुरटी. १०० ग्रॅम तुरटी कुटून कढत पाण्यांत विरघळवावी. १५ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या भांड्यांत विरघळवून तो तुरटीच्या पाण्यांत थोडाथोडा ओतावा. फेंस उसळतो, म्हणून भांडें मोठें घ्यावें व घाई करूं नये. तुरटीच्या अंगीं आम्लपणा असतो; सोड्यानें तो कमी होऊन अॅल्युमिनियम तंतूवर अधिक चांगलें बसतें. फेंस बसल्यावर हें मिश्रण बारा लिटर गरम पाण्यांत घालावें. पाणी हातास सोसवेल त्याहून थोडें अधिक गरम असावें, उकळतें नको. त्यांत हिरड्याचें सूत ओलें करून रात्रभर ठेवावें, मग पिळून एकदांच हलकें धुवावें. तुरटीचें उरलेलें पाणी टाकूं नये. त्यांत निम्मी तुरटी व निम्मा सोडा नव्यानें घातल्यास दुसरा घाणा निघतो.

या दोन पायऱ्यांस चार दिवस लागतात, आणि त्यांच्या शेवटीं हातीं येतें तें पिवळट, निस्तेज सूत. रंग तर अजून दिसतच नाहीं. म्हणूनच या पायऱ्या गाळण्याचा मोह होतो, आणि बहुतेकांचें काम तेथेंच बिघडतें.

आणखी एक समजूत येथें दूर केली पाहिजे. नव्या कापडाचा रंग जाऊं नये म्हणून तें मिठाच्या पाण्यांत भिजत घालण्याची आपल्याकडे रीत आहे. मीठ किंवा शिरका यांनीं प्रस्तुत रंग कापसावर पक्के होत नाहींत. हिरड्यातुरटीचें काम मिठानें भागत नाहीं.

कांद्याचीं टरफलें

नवशिक्यानें आरंभ करावा तो कांद्यापासून. टरफलें फुकट मिळतात, रंग हमखास येतो, आणि तो हळदीहून पुष्कळच अधिक टिकतो. वरचीं सुकीं, तांबूस टरफलें तेवढीं घ्यावीं. पांढऱ्या कांद्याचीं टरफलें जवळजवळ निरुपयोगी समजावीं. चाळींतील टरफलांवर काळी बुरशी धरलेली असते तीं वेंचून टाकावीं, आणि माती झाडून घ्यावी. कोरडीं ठेवलीं तर तीं गोणींत वर्षभर राहतात.

अर्धा किलो टरफलें दहाबारा लिटर पाण्यांत पाऊण तास उकळावीं व काढा गाळून घ्यावा. टरफल सुतांत राहिलें तर तेथें डाग पडतो. काढा कोमट झाल्यावर ओल्या लडी त्यांत सोडाव्या, आंच हळूहळू वाढवावी, आणि तासभर मंद उकळी ठेवावी. या तासांत लडी सतत खालवर केल्या पाहिजेत. एकदम उकळत्या काढ्यांत सूत टाकल्यास रंग एका जागीं गडद व एका जागीं फिका बसतो, आणि तो मागाहून सारखा करतां येत नाहीं. भांडें उतरवून सूत त्याच पाण्यांत थंड होऊं द्यावें. पिकल्या लिंबाच्या सालीपासून जुन्या सोन्यापर्यंतच्या छटा यांतून मिळतात. उरलेल्या काढ्यांत दुसऱ्या लडी घातल्यास त्यांवर फिका, पण सारखा रंग येतो.

रंगविलेलें सूत सावलींत वाळवून आठ दिवस तसेंच ठेवावें, आणि मग रिठ्याच्या पाण्यांत धुवावें. प्रथम धुण्यांत थोडा सुटा रंग निघतो, त्यास भिऊं नये. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावें. जो सुटा रंग आपण काढणार नाहीं, तो गिऱ्हाइकाच्या बादलींत निघेल.

डाळिंब, कात आणि चहा

डाळिंबाची साल ही घरच्या रंगांतील सर्वांत भरंवशाची वस्तु आहे. तिच्यांत रंग आहेच, शिवाय हिरड्याप्रमाणें तुरट द्रव्यही भरपूर आहे. म्हणून हिरडा न मिळाल्यास डाळिंबाचाच काढा त्याच्या जागीं चालतो. उन्हांत खडखडीत वाळवून कुटलेली साल १५० ते २०० ग्रॅम घेऊन रात्रभर भिजत घालावी, तासभर उकळावी, गाळावी, आणि कांद्याप्रमाणेंच सूत रंगवावें. हिरडातुरटी दिलेल्या सुतावर मोहरीच्या वाटणासारखा, किंचित् हिरवट झांक असलेला पिवळा रंग येतो.

पानाच्या तबकांतील कात हा कोंकणांतील खैराच्या लांकडाचा अर्क होय. त्यापासून उत्तम तपकिरी रंग होतो. शुद्ध खैराचा कात १०० ग्रॅम गरम पाण्यांत विरघळवून गाळावा, चिमूटभर सोडा घालावा, आणि सूत त्यांत तासभर गरम ठेवावें. बाहेर काढतांना रंग फिका दिसला तरी घाबरूं नये. हवेंत टांगून ठेवल्यावर तो आपोआप गडद होत जातो. पानाच्या दुकानांतील कातांत भेसळ असण्याचा संभव असल्यामुळें प्रथम थोडाच आणून पाहावा. चहाच्या चोथ्यापासून मातकट रंग येतो. चोथा रोजच्या रोज वाळवून सुताच्या वजनाइतका सांठवावा. ओला ठेवल्यास त्यास बुरशी येते.

हळद

हळदीवर आमचा राग नाहीं. तिचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. तिच्यांतील कर्क्युमिन हें द्रव्य दुव्यावांचूनच कापसावर चढतें, आणि म्हणून ती नवशिक्यास फसविते. सूर्यप्रकाशांत हें द्रव्य लवकर विघटन पावतें. तुरटीनें यांत थोडा फरक पडतो, पण दोष जात नाहीं. दुसरें असें कीं, खारट वा क्षारयुक्त पदार्थ लागतांच हळद तांबडी होते. हळदीस चुना किंवा खार देऊन कुंकू करतात, तें याच गुणावर. धुण्याच्या साबणांत क्षार असतो, तेव्हां पंचाचा कांठ तांबडा झाला यांत नवल तें काय? लिंबाच्या पाण्यांत बुडवितांच तो पुन्हां पिवळा होतो, हें खरें. पण गिऱ्हाइकानें दर धुण्यास लिंबूं पिळावें, अशी अपेक्षा करतां येत नाहीं.

तरीही हळदीचा चकचकीत पिवळा हवाच असेल तर एक तोड आहे. सूत प्रथम डाळिंबाच्या सालीनें पिवळें करून घ्यावें, आणि नंतर ५० ग्रॅम हळदीच्या गाळलेल्या गरम पाण्यांत अर्धा तास ठेवावें. वरची हळद कालांतरानें उडाली तरी खालचा डाळिंबाचा पिवळा उरतो, आणि कापड उघडें पडत नाहीं. नुसत्या हळदीचें सूत राखी, तोरण, सणासुदीचे गोंडे अशा थोड्या दिवसांच्या वस्तूंसच वापरावें, आणि विकतांना तसें सांगावें.

लोखंडाचें पाणी

पिवळ्या व तपकिरी रंगांस लोहाचा स्पर्श झाला कीं त्यांचें रूपच पालटतें. कांद्याचें सूत शेवाळी होतें, डाळिंबाचें राखी, आणि नुसतें हिरड्याचें काळपट. यासाठीं ५ ते १० ग्रॅम हिराकस बारा लिटर कोमट पाण्यांत विरघळवून, रंगविलेलें सूत त्यांत दहा मिनिटें हालवावें, आणि लगेच दोनतीन पाण्यांतून धुवावें. हिराकस नको असल्यास गुळाचें पाणी करावें. पांच लिटर पाण्यांत अर्धा किलो गूळ व किलोभर गंजके खिळे, बैलांच्या जुन्या पत्र्या वगैरे लोखंड घालून, मातीच्या भांड्यास फडकें बांधून पंधरावीस दिवस ठेवावें. भांडें घट्ट झांकूं नये, कारण आंत वायु होतो. पाणी काळसर व आंबूस झालें कीं गाळून घ्यावें. राजस्थानांतील छापाईवाले व आंध्रांतील कलमकारी कारागीर काळ्या रंगासाठीं याच जातीचें पाणी वापरीत आले आहेत. तें किती घालावें हें आधीं सुताच्या एका तुकड्यावर पाहावें.

मात्र लोहाचा लोभ धरूं नये. तें अधिक झालें तर सूत कालांतरानें कुजकें होतें व ताण पडतांच तुटतें. लोहाचें भांडेंही वेगळेंच असावें. त्याचा एक थेंब पिवळ्या रंगांत पडला तर सर्व घाणा मळतो.

ज्यांच्या नादीं लागूं नये

बीटाचा लाल रस, जांभळ्या कोबीचें पाणी, जास्वंदीचीं फुलें, पालकाचा हिरवा रस यांनीं सूत रंगतें असें पुष्कळांस वाटतें, कारण हात रंगतात. बीटाचें द्रव्य उष्णतेनेंच नासतें. कोबी व जास्वंद यांचा रंग आंबट व खारट पाण्यांत सरड्यासारखा बदलतो आणि उन्हांत उडतो. पालकाचा हिरवा तंतूस धरतच नाहीं. यांवर सूत व सरपण खर्च करूं नये. स्वयंपाकघरांतून पक्का लाल व पक्का निळा मिळत नाहीं, हें मोकळेपणानें मान्य करावें. लालासाठीं मंजिष्ठ व आल, निळ्यासाठीं नीळच पाहिजे. त्यांची रीत वेगळी व ती शिकण्यास वेळही अधिक लागतो.

जुन्या रंगशास्त्राच्या पुस्तकांतून रंग पक्का करण्यास मोरचूद आणि बायक्रोमेट सांगितलेलें आढळतें. घरीं यांपैकीं कांहींही वापरूं नये. बायक्रोमेटांतील क्रोमियम कर्करोगास कारण होतें हें आतां निश्चित ठरलें आहे, आणि मोरचुदाचें पाणी ओढ्यांत गेल्यास मासे मरतात. तुरटी व अल्प लोह यांच्यापलीकडे घरीं कोणत्याही क्षाराची गरज नाहीं.

विकण्यापूर्वीं परीक्षा

आमच्या चुकीनंतर आम्हीं असा नियम केला आहे कीं, प्रत्येक घाण्यांतील सुताची तीन प्रकारें परीक्षा झाल्यावांचून तें घराबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं. पहिली उन्हाची. जाड पुठ्ठ्यावर सूत गुंडाळून त्याचा अर्धा भाग काळ्या कागदानें झांकावा, आणि पुठ्ठा पंधरा दिवस उन्हांत ठेवावा. कागद काढल्यावर दोन्ही अर्धांत ठळक फरक दिसला तर रंग कच्चा. दुसरी साबणाची. रंगीत सुताची पांढऱ्या सुताबरोबर वेणी घालून ती कोमट साबणाच्या पाण्यांत अर्धा तास ठेवावी, आणि पांढऱ्यास डाग लागतो काय तें पाहावें. तिसरी घर्षणाची. ओलें पांढरें फडकें सुतावर वीस वेळां घासावें. एक थेंब लिंबाचा व एक साबणाचा टाकून रंग पालटतो कीं काय, हेंही पाहून ठेवावें.

या परीक्षेचा निकाल, जिनसांचें वजन, पाणी कोणत्या विहिरीचें, टरफलें कोणत्या कांद्याचीं, हें सर्व वहींत लिहावें व शेजारीं सुताचा नमुना चिकटवावा. घरच्या रंगाचे दोन घाणे तंतोतंत सारखे उतरत नाहींत. म्हणून एका कापडास लागणारें सर्व सूत एकाच वेळीं रंगवावें, आणि विणकरास हें आधींच सांगावें. लडीबरोबर चिठ्ठी द्यावी: रंग कशाचा, धुवावें कसें, वाळवावें कोठें. वर्ध्यास १९३८ सालीं स्थापन झालेल्या मगन संग्रहालयासारख्या संस्थांनीं नैसर्गिक रंगाच्या खादीस गिऱ्हाईक मिळवून दिलें आहे. हें गिऱ्हाईक रंगाची चकाकी पाहून एकदां येतें. दुसऱ्यांदां येतें तें रंग टिकला म्हणून.

हिशेब

अर्धा किलो सुतास वर दिलेल्या रीतीनें शंभर ते सव्वाशें लिटर पाणी, सुमारें चार तासांची आंच, आणि पांचसहा दिवसांत विभागलेली एका माणसाची दिवसभराची मेहनत लागते. हिरडा, तुरटी व सोडा यांचा खर्च यांपुढें किरकोळ आहे. म्हणजे रंग फुकट असला तरी रंगविणें फुकट नाहीं. आपल्या गांवचे सरपणाचे व मजुरीचे दर घालून हा हिशेब प्रत्येकानें आधीं मांडावा, आणि त्यावरून लडीचा भाव ठरवावा. घरच्या बायकांच्या श्रमाची किंमत शून्य धरून काढलेला नफा हा नफाच नव्हे.

पाण्याचा विचार तर विशेष केला पाहिजे. शेतीचीं कामें उन्हाळ्यांत कमी असतात, परंतु त्याच वेळीं विहिरी आटतात. आणि पावसाळ्यांत पाणी असलें तरी सूत वाळत नाहीं. म्हणून टरफलें व साली मिळतील तेव्हां वाळवून सांठवाव्या, आणि रंगाचें काम दिवाळीपासून माघापर्यंत करावें. शेवटच्या धुण्याचें पाणी पुढच्या घाण्याचें कोरें सूत उकळण्यास चालतें. उकळून निघालेला चोथा खताच्या खड्ड्यांत जावा. तुरटी व लोह यांचें थकलेलें पाणी विहीर, ओढा व गुरांची डोण यांपासून दूर, शोषखड्ड्यांत सोडावें.

ज्या घरांत सवड आहे त्यांनीं या हंगामांत अर्धा किलो सुतापासून आरंभ करावा, तोही कांद्याच्या टरफलांनीं. पहिलें सूत विकूं नये. त्याचा पंचा किंवा झोळी विणवून ती वर्षभर घरींच वापरावी आणि धुवावी. वर्षानंतर तिचा रंग पाहून आपणांस आपल्या कामाची जी खात्री पटेल, तीच गिऱ्हाइकास द्यावी. त्याहून अधिक कांहीं सांगूं नये व कमीही सांगूं नये.